ऊर्मी आणि उत्तरदायित्व

मेंदूविज्ञानाच्या व्याख्यानांत बेंजामिन लिबेट यांच्या १९८३ सालच्या प्रयोगाचा उल्लेख हटकून होतो. मनगट हलविण्याची इच्छा जाणवण्यापूर्वी सुमारे एक तृतीयांश सेकंद मेंदूत विद्युत्-हालचाल सुरू झालेली असते, असे त्यांना आढळले. मग कृतीचा कर्ता कोण?

असेच एक व्याख्यान ऐकून मी कुलाब्याहून इंद्रलोकला परतत होतो. चर्चगेटला बसायला जागा मिळाली होती. अंधेरीला एक थकलेले वृद्ध गृहस्थ समोर येऊन उभे राहिले आणि माझी नजर आपोआप खिडकीबाहेर वळली. ती मेंदूने वळविली असेल. परंतु भाईंदर येईपर्यंत ती तेथेच खिळवून ठेवली, ती मी.

लिबेट यांनीही मानवी स्वातंत्र्य नाकारले नव्हते. उमटलेली ऊर्मी रोखण्यास क्षणभर अवसर उरतो, असे त्यांचे मत होते. २०१२ साली आरोन शुर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तर ती पूर्वहालचाल म्हणजे निर्णय नसून मेंदूतील सहज चढउतार असू शकतात, असे मांडले.

पहिली ऊर्मी आपल्या हाती नसेलही. तिला आपण किती काळ थारा देतो, याचा जाब मात्र आपल्यालाच द्यावा लागतो.