पाठ दिसली की थांब

कॅनडात आइस हॉकी खेळणाऱ्या अनेक पोरांच्या जर्सीवर पाठीमागे, मानेच्या जरा खाली, एक लहानसं लाल अष्टकोनी कापड शिवलेलं असतं. रस्त्यावरच्या पाटीवर असतं तसंच त्यावर लिहिलेलं असतं, 'स्टॉप'. ही कल्पना ऑन्टारिओ प्रांतातल्या विंडसर शहरातली. ज्याच्या अंगावर ते कापड असतं, त्याला ते खेळताना कधीच दिसत नाही. ते असतं मागून वेगाने येणाऱ्यासाठी. समोर छाती नाही, पाठ आहे. आता धडक द्यायची नाही.

हा खेळ धडकेचाच आहे. ज्याच्याकडे पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, आहे त्याला अंगाने रेटून पकपासून दूर करायचं, याला 'बॉडी चेक' म्हणतात आणि ते रीतसर शिकवलं जातं. कोपर अंगाशी, काठी खाली, लांबून धावत येऊन झेपावायचं नाही, खांदा छातीच्या किंवा खांद्याच्या दिशेने न्यायचा. डोकं, गुडघा आणि पाठ वर्ज्य. कारण पायाखाली बर्फ असतो, वेग ताशी तीसेक किलोमीटरचा आणि भोवती टणक फळ्यांचं कुंपण. मागून बसलेल्या एका धक्क्याने मान मोडू शकते.

म्हणून एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगच्या नियमाने एक गोष्ट पक्की केली आहे. समोरचा बेसावध किंवा असहाय नाही ना, हे पाहण्याची जबाबदारी धडक देणाऱ्याची. तसा असेल, तर धडक टाळायची. ते जमत नसेल, तर तिचा जोर कमी करायचा. समोरचा ऐन वेळी वळला असेल, तर पंच तेही ध्यानात घेतात. पण पहिला भार ज्याच्याकडे जोर आहे त्याच्यावर.

7 मार्च 2010 रोजी याच लीगमध्ये पिट्सबर्ग संघाच्या मॅट कुकने बॉस्टन संघाच्या मार्क सावार्डच्या डोक्यावर खांद्याने आघात केला. सावार्डचा मेंदू दुखावला. तो परतला, पण पुढच्या वर्षी जानेवारीत दुसऱ्या एका धडकेने मेंदू पुन्हा दुखावला आणि तो सामना त्याचा शेवटचा ठरला. कुकला मात्र शिक्षा झाली नाही, कारण तेव्हाच्या नियमांत ती धडक गुन्हा ठरत नव्हती. नियमांत बसलं, पण एका माणसाला जबर इजा झाली. त्यानंतर डोक्यावरच्या अशा आघाताविरुद्ध नियम आला.

2011 मध्ये कुकने पुन्हा एकाच्या डोक्यात कोपर मारलं. या वेळी साखळीतले उरलेले 10 सामने आणि बाद फेरीचा पहिला टप्पा त्याला बाहेर बसावं लागलं. मला बदलायलाच हवं, असं त्याने जाहीरपणे कबूल केलं आणि तो खरोखर बदलला. त्या हंगामात मैदानाबाहेर बसण्याची 129 मिनिटांची शिक्षा भोगलेला हा खेळाडू पुढच्या हंगामात 82 सामने खेळला, त्यात शिक्षा 44 मिनिटांची आणि गोल 19. जोर आवरला म्हणून खेळ उणावला नाही.

गोष्ट इथे संपली असती, तर किती बरं झालं असतं. 2014 मध्ये त्याने एका प्रतिस्पर्ध्याच्या गुडघ्याला गुडघ्याने धडक दिली आणि 7 सामन्यांची बंदी ओढवून घेतली. म्हणून त्याची आधीची वर्षं खोटी ठरत नाहीत. पण जबाबदारी एकदा शपथ घेऊन कायमची अंगी बाणत नाही, हे त्यातून कळतं. प्रत्येक धडकेआधी ती नव्याने घ्यावी लागते. कालचा संयम आजच्या कामी येत नाही.

जोर आपल्याकडेही असतो. घरातल्या मोठ्याच्या आवाजात असतो, साहेबाच्या शेऱ्यात असतो, गाडीच्या चाकात असतो. आज कामाच्या घाईत कुणाची तरी पाठ आपल्यासमोर येईल. त्याने सांभाळून राहायला हवं होतं, हे वाक्य नंतर सुचतं. त्याच्या पाठीवर लाल कापड शिवलेलं नसेल. आपण मात्र थांबावं.