लिनक्सला शेजार हवा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा पाठिंबा थांबवला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना वर्षभराची मुदतवाढ मिळाली, पण रोख स्पष्ट होता: विंडोज ११ घ्या. तिला टीपीएम २.० ही सुरक्षाचिप लागते आणि प्रोसेसरही साधारण २०१७ नंतरचा लागतो. म्हणजे घराघरांतले कितीतरी धडधाकट संगणक एका तारखेला सेवानिवृत्त झाले. कीबोर्ड चालतो, डिस्क चालते, पडदा लख्ख दिसतो. फक्त मालकाला विचारलेलं नाही.

अशा संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही लिनक्सची मोफत आवृत्ती सहसा सुखाने चालते. ४ जीबी रॅम असली तरी भागतं. पेन ड्राइव्हवरून सुरू करून, डिस्कला हातही न लावता, वायफाय लागतंय का, आवाज येतोय का हे पाहून घेता येतं. फायरफॉक्समधून बँकेचे व्यवहार होतात, लिबरऑफिसमध्ये अर्ज लिहिता येतात. दिसायलाही ते जुन्या विंडोजच्या इतकं जवळ आहे की घरातल्या आजोबांना फरक सांगावा लागेल.

मग हे सगळं असूनही आपल्याकडच्या घरांत लिनक्स क्वचितच का दिसतं?

‘फुकट आहे’ हा लिनक्सचा सर्वांत मोठा गुण भारतात कधी चाललाच नाही. २००४मध्ये उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती आली, तेव्हा कॅनॉनिकल ही कंपनी मागणाऱ्याच्या घरी टपालाने सीडी पाठवत असे, टपालखर्चासकट मोफत. २०११पर्यंत हा उपक्रम चालला. पण ज्या बाजारात विंडोजही फुकटच मिळत होती, तिथे या औदार्याचं अप्रूप कोणाला? परवाना नसलेली प्रत संगणकासोबत ‘टाकून’ देणं हा जुळणी करणाऱ्यांचा शिरस्ताच होता. नुसत्या डॉसवर किंवा उबुंटूवर विकले जाणारे लॅपटॉप थोडे स्वस्त पडत, म्हणून लोक ते घेत आणि दुकानातून बाहेर पडण्याआधी त्यावर विंडोज चढवून घेत. चोरीच्या प्रतींनी मायक्रोसॉफ्टचं नुकसान केलं असेल, पण इथल्या लिनक्सचं त्याहून जास्त केलं.

दुसरं कारण अधिक खोल आहे. संगणक बिघडला की माणूस माहितीपुस्तक उघडत नाही. तो कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला, भाच्याला नाहीतर ऑफिसातल्या ‘कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्या’ सहकाऱ्याला फोन करतो. ही सगळी माणसं विंडोजवर शिकलेली असतात. महाराष्ट्रात ती घडवली कोणी? मोठ्या प्रमाणात एमएस-सीआयटीने. २००१पासून लाखो मराठी माणसांनी हा अभ्यासक्रम केला, कित्येकांनी सरकारी नोकरीच्या अटीपोटी. आणि त्यांच्यासाठी संगणक म्हणजे विंडोज, वर्ड आणि एक्सेल असंच समीकरण पक्कं झालं. संगणक साक्षरतेचं हे काम मोठंच होतं, यात शंका नाही. पण साक्षरतेसोबत एका कंपनीची सवयही शासनमान्य झाली.

केरळने वेगळी वाट धरली. तिथल्या सरकारी शाळांमध्ये गेली दीड-दोन दशकं मुक्त प्रणालीवर संगणक शिकवला जातो. ‘काइट’ ही राज्याची संस्था उबुंटूवर बेतलेली स्वतःची आवृत्ती तयार करते. २०१९मध्ये ती दोन लाखांवर शालेय संगणकांसाठी होती आणि परवान्यांचे सुमारे ३,००० कोटी रुपये वाचतील, असं सांगितलं गेलं. पैशांचा हिशेब बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते: तिथे अडचणीत फोन करावा असा माणूस गावच्या शाळेतच सापडू शकतो.

मराठीपुरतं बोलायचं तर लिनक्सवर मराठी नीट दिसत नाही, लिहिता येत नाही ही जुनी तक्रार आता बऱ्याच अंशी मिटली आहे. रेड हॅटने २००४मध्ये खुले केलेले ‘लोहित’ फाँट लिनक्सच्या बहुतेक आवृत्त्यांत मिळतात. त्यांच्या देखभालीचं बरंच काम पुण्यात झालं. इनस्क्रिप्ट कळफलकही तयारच असतो. पंचाईत होते ती युनिकोडपूर्व काळातल्या मजकुराची. श्रीलिपीत टाइप केलेल्या, पेजमेकरमध्ये लावलेल्या जुन्या फायली ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी विंडोज सोडायची घाई करू नये. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांनीही नाही. कोरलड्रॉ किंवा फोटोशॉपवर ज्यांचं पोट आहे, त्यांना ‘पर्यायी सॉफ्टवेअर आहे की’ असं सांगणारे लिनक्सभक्त बहुधा त्या धंद्यात नसतात.

छपाईयंत्रांच्या बाबतीतही लिनक्सवर काही चालतं, काही अडतं. एचपीची बहुतेक यंत्रं जोडताक्षणी ओळखली जातात. कॅननचा एलबीपी २९००, जो आपल्याकडच्या दुकानांत आणि घरांत वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला आहे, तो मात्र ड्रायव्हरपायी दिवस खाऊ शकतो. खेळांचंही तसंच. व्हॉल्व्ह या कंपनीने २०१८मध्ये प्रोटॉन हे सॉफ्टवेअर आणल्यापासून विंडोजचे असंख्य खेळ लिनक्सवर चालू लागले, पण व्हॅलोरंट हा खेळ चालत नाही. घरात तो खेळणारा मुलगा असेल तर चर्चा तिथेच संपते.

बाकीच्यांनी, म्हणजे ज्यांचा संगणक ब्राउझर, पत्रव्यवहार, फोटो आणि सिनेमे यांपलीकडे जात नाही त्यांनी, यंत्र भंगारात देण्याआधी एक रविवार पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून पाहावं. आणि ज्यांना हे आधीच जमतं, त्यांनी सोसायटीतल्या दोन-तीन घरांना आपला फोन नंबर द्यावा. फक्त डिस्क पुसण्याआधी फोटोंची प्रत दुसरीकडे काढलीय ना, हे दोनदा विचारावं.