पाणी कुणी मारायचं?

घर बांधायला काढलेला माणूस टाइलच्या दुकानात अख्खा रविवार घालवतो. ओट्याचा ग्रॅनाइट काळा घ्यायचा की हिरवट, यावरून घरात दोन तट पडतात. गाडी लावायच्या जागेचा विषय निघाला की मात्र सगळ्यांचं पटकन एकमत होतं. "तिथं काय, कोबा करून टाकू." वास्तविक घरातल्या साऱ्या जमिनींत सगळ्यात जास्त सोसायचं असतं ते याच जमिनीला. टनभराची गाडी, इंजिनातून ठिबकणारं तेल, चाकांबरोबर आलेला चिखल, रंगकामाच्या वेळी बाहेर काढून ठेवलेली लोखंडी कपाटं, आणि हॉल महाग पडला म्हणून ऐनवेळी तिथेच उठलेल्या साखरपुड्याच्या पंगती.

दोन-तीन पावसाळे गेले की या कोब्याला तडे दिसू लागतात. झाडताना केरसुणीबरोबर राखाडी पूड निघते, ती रोज झाडली तरी रोज निघते. मग आळ येतो गाडीवर. मोठी घेतली ना, जड आहे, तिनेच फोडला.

हिशेब करून पाहिला तर गाडी निर्दोष ठरते. चाकात आपण ३३ पीएसआय हवा भरतो, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलोच्या आसपास दाब. टायर जमिनीवर टेकतो तोही साधारण तेवढ्याच दाबाने. साधं एम-२० दर्जाचं काँक्रीट चाचणीच्या यंत्रात चौरस सेंटिमीटरला २०० किलो सोसून दाखवतं. ऐंशी-नव्वद पट ताकद हाताशी असताना गाडीच्या नुसत्या वजनाने ते चिरडणं शक्य नाही. त्याला नडतात दोन गोष्टी : पायाखालची पोकळी आणि पाणी.

पोकळीचं आधी उरकून घेतो. काँक्रीट दाबाला पैलवान असलं तरी ताणाला दुबळं, दाबाच्या मानाने जेमतेम दहावा हिस्सा. खालचा भराव खचला की वरचा कोबा अधांतरी राहतो, चाक आलं की वाकू पाहतो आणि वाकता येत नाही म्हणून तुटतो. भराव खचतो याला कारण तो टाकायची आपली रीत. मुरुमाच्या ट्रॉल्या एकावर एक ओतायच्या, वरून पाइप सोडून द्यायचा आणि "बसेल आपोआप" म्हणायचं. मुरूम सहा-सहा इंचांच्या थराने टाकावा, प्रत्येक थर ओला करून धुम्मस करावा, तेव्हा कुठे तो बसतो. ड्रेनेजचा चर आणि चेंबरच्या भोवतालची जागा तर डोळ्यांत तेल घालून ठोकून घ्यावी लागते, कारण बहुतेक पार्किंगमधला पहिला खड्डा त्याच रेषेवर पडतो. काळ्या मातीवर घर असेल तर ती माती उपसून टाकल्याशिवाय गत्यंतर नाही. ती पावसाळ्यात फुगते नि उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरचा कोबा किती खर्चाचा आहे याच्याशी तिला काही देणंघेणं नसतं. मुरुमावर दगडी सोलिंग, त्याच्या फटी भरून घेऊन पीसीसी, तळघर असेल किंवा ओल येत असेल तर मध्ये जाड प्लास्टिकचा कागद, आणि शटरच्या बाजूला वीस फुटांत अडीच इंच उतार. झालं.

पाण्याचं प्रकरण मात्र सावकाश सांगण्यासारखं आहे.

सिमेंटची गोणी ५० किलोची. तिला २२ ते २५ लिटर पाणी पुरतं, आणि त्यात ओल्या वाळूतून आलेलं पाणीही धरायचं असतं. एवढ्या पाण्यात कालवलेला माल घट्ट असतो. तो फावड्याला चिकटतो, कोपऱ्यात जात नाही, पट्टीने ओढताना बिगाऱ्याची कंबर धरते. मग कुणीतरी बादली उचलतं. गोणीमागे दहा लिटर जास्तीचं पाणी गेलं की माल खिरीसारखा पसरतो आणि काम झपाझप उरकतं. ताकद मात्र ढोबळमानाने तिसऱ्या हिश्श्याने उतरलेली असते. ही गोष्ट शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटमधल्या डफ एब्रॅम्स यांनी १९१८ मध्येच मांडून ठेवली : माल पुरेसा कालवता येतोय तोवर, सिमेंटच्या मानाने पाणी जितकं कमी तितकं काँक्रीट बळकट. सिमेंटशी जोडलं न गेलेलं पाणी काँक्रीटमध्येच अडकून पडतं, कालांतराने उडून जातं आणि त्याच्या जागी केसाहून बारीक पोकळ्या उरतात. शंभर वर्षं झाली हे कळून. बादली अजून उचलली जातेच.

मी त्या बिगाऱ्याला बोल लावणार नाही. ठेका चौरस फुटावर असतो, ऊन डोक्यावर असतं, आणि दहा वर्षांनी कोबा कसा दिसेल याची मजुरी त्याला कुणी देत नाही. त्याला घट्ट माल ओढायला लावायचा असेल तर मालात प्लॅस्टिसायझर घालावा. गोणीमागे थोडासाच लागतो, आणि जास्तीचं पाणी न घालता माल सैल होतो. नाहीतर ट्रिमिक्स करावं. एमआयडीसीतल्या शेडमध्ये नि मोठ्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये ते करतात : ओल्या काँक्रीटवर चटई अंथरून पंपाने जास्तीचं पाणी ओढून घेतात आणि मग यंत्राने घोटतात. आधी पाणी ओतायचं, मग ते काढायला यंत्र भाड्याने आणायचं, हा व्यवहार गमतीचा वाटतो खरा, पण कोबा चांगला होतो.

साध्या कोब्यात तेच जास्तीचं पाणी थोड्या वेळाने पृष्ठभागावर सुटतं. मिस्त्रीला घोटाई उरकून घरी जायचं असतं, म्हणून तो वरून सुकं सिमेंट भुरभुरतो. पाणी शोषलं जातं, गुरमाळा सरसर फिरतो, आणि संध्याकाळी मालक येतो तेव्हा जमीन अशी चकचकीत असते की तो खूश होऊन चहा मागवतो. त्या चकाकीखाली अशक्त, पाणथळ थर राहून गेलेला असतो. पुढे जी पूड निघते ती तिथली. सुटलेलं पाणी आपलं आपण जाईपर्यंत थांबायचं आणि मग घोटायचं, एवढाच यावर इलाज आहे. पण थांबण्याचा दर कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो.

तड्याचंही असंच. काँक्रीट सुकताना आकसतं, सहा मीटर लांबीत दोनेक मिलिमीटर तरी. खालची जमीन त्याला सरकू देत नाही, म्हणून ते कुठेतरी तुटतं. त्याला टाळता येत नाही, पण जागा नेमून देता येते. जुन्या मिस्त्र्यांनी काचेच्या पट्ट्या घालून कोब्याचे चौकोन पाडले ते काही नुसत्या शोभेसाठी नव्हे. आता चार इंची कोब्याला दर आठ-दहा फुटांवर कटरने इंचभर खोल काप देतात, म्हणजे तडा त्या कापाच्या तळाशी जातो आणि वरून दिसत नाही. हा काप दुसऱ्या दिवसापर्यंत द्यावा लागतो. आठवड्याने दिला तर तडा आपली वाट आधीच काढून बसलेला असतो. म्हणजे कुणीतरी कटर घेऊन दुसऱ्या दिवशी परत यायला हवं, आणि परत येणं हे ठेक्यात बसत नाही. जाळीबद्दलही एक गैरसमज असतो. सळयांची जाळी तडा थांबवत नाही, गेलेल्या तड्याची भेग रुंदावू देत नाही. तीही कव्हर ब्लॉकवर उचलून धरली तर. पायाखाली तुडवून तळाशी गेलेली जाळी फक्त बिलात उरते.

मंडळी टेम्पोत सामान भरून निघाली की खरं काम सुरू होतं, कारण काल जे पाणी नको होतं ते आता हवं असतं. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया आत चालू राहते, पहिल्या आठवड्यात निम्म्याहून बरीच जास्त ताकद येते, २८ दिवसांनी मोजायची ती ठरलेली ताकद, आणि त्यानंतरही ती हळूहळू वाढत राहते. या काळात वरून ओल तुटली की क्रिया तिथेच थबकते, आणि सगळ्यात आधी थबकते ती वरच्या थरात, म्हणजे नेमका चाकं नि केरसुणी सोसणारा थर कच्चा राहतो. आपल्या देशाच्या आयएस ४५६ या संहितेत साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि उष्ण, कोरड्या हवेत किमान दहा दिवस ओल ठेवायला सांगितलं आहे. बाजारात सर्रास मिळणाऱ्या, राख मिसळलेल्या पीपीसीला दहाच्या खाली यायचं नाही, जमलं तर १४.

आणि टेम्पोत चढता चढता मिस्त्री म्हणतो, "वहिनी, आता पाणी मारायचं तेवढं तुमच्याकडं हां."

खोदाईचा दर असतो, माल ओतण्याचा असतो, घोटाईचा असतो. पाणी 'पार्टीकडून' असतं. ज्या पंधरवड्यात कोबा घडतो त्या पंधरवड्याची जबाबदारी घरात जे कुणी दिवसभर असेल त्याच्याकडे जाते : सासूबाई, निवृत्त वडील, साइटवर राहणारी वॉचमनची बायको. सकाळचा चहा झाला की पाइप, संध्याकाळी दिवे लागले की पाइप. मधल्या आठ-नऊ तासांत जमीन पांढरीफटक पडलेली. ओल तुटली, पुन्हा आली, पुन्हा तुटली. याला काम म्हणून कुणी मोजत नाही, त्यामुळे ते नीट झालं की नाही हेही कुणी बघत नाही. कोबा खराब निघाला की मात्र मिस्त्री छातीठोकपणे सांगतो, "पाणी कमी पडलं तुमचं." बऱ्याचदा ते खरं असतं.

जुन्या पद्धतीत ही फट नव्हती. गुळाचं नि हिरड्याचं पाणी घालून केलेला चुन्याचा कोबा लाकडी थाप्यांनी दिवसच्या दिवस चोपत, भिजवत, पुन्हा चोपत. चोपणं आणि भिजवणं हेच काम होतं, आणि मजुरी त्याचीच होती. शेणाने सारवलेली जमीन तर जन्मभर लक्ष मागायची. सिमेंटने आपल्याला त्यातून सोडवलं, फक्त पहिले दोन आठवडे तेवढे मागून घेतले. आपण तेही द्यायला कुरकुरतो.

अमेरिकेत ओहायो राज्यात बेलफाँटेन नावाचं गाव आहे. जॉर्ज बार्थोलोम्यू नावाच्या गृहस्थाने १८९१ मध्ये तिथल्या मुख्य रस्त्यावर काँक्रीटचा एक पट्टा टाकून दाखवला. पुढे गावाने कोर्ट अॅव्हेन्यूसह कचेरीभोवतालचे रस्ते काँक्रीटचे करायचं ठरवलं. गावच्या कारभाऱ्यांचा या नव्या प्रकारावर विश्वास नव्हता, म्हणून रस्ता पाच वर्षं टिकेल याची हमी म्हणून त्यांनी बार्थोलोम्यूकडून ५,००० डॉलरचा जामीन घेतला. त्या रस्त्याचा भाग अजून तिथे आहे. मला यात काँक्रीटपेक्षा जामीन महत्त्वाचा वाटतो. ज्या माणसाचे पैसे पाच वर्षं अडकलेले असतात, तो रस्ता ओतून टेम्पोत चढत नाही.

आपल्याकडे एका पार्किंगसाठी कुणी जामीन देणार नाही, हे उघड आहे. पण वेळ तरी धडाची निवडता येते. वास्तुशांतीचा मुहूर्त एप्रिल-मेमधला धरलेला असतो आणि पार्किंग सगळ्यात शेवटी राहिलेलं असतं, म्हणून कोबा पडतो भर उन्हाळ्यात, आणि आठव्या दिवशी त्यावर मांडवाचे खांब उभे राहतात. त्यात मराठवाड्यासारख्या ठिकाणी त्या दिवसांत टँकर विकत घ्यावा लागतो. वीस बाय बाराच्या जागेत आळी करून इंचभर पाणी उभं करायचं तर एकदा भरायलाच साडेपाचशे लिटर लागतात. शेजारी हंडा घेऊन रांगेत उभा असताना जमिनीवर एवढं पाणी ओतणं जिवावर येतं, आणि यायलाच हवं. तिथे ओलं गोणपाट अंथरून त्यावर प्लास्टिक कागद पसरावा, कडा विटांनी दाबाव्यात. ओल टिकते, पाणी फार कमी लागतं. किंवा दिवाळीनंतर थंडीत काम काढावं.

ठेका लिहिताना मात्र एक ओळ वाढवावी : चौदा दिवस पाणी, रोज इतके रुपये. मिस्त्री आधी हसेल, मग आपला एखादा बिगारी नेमून देईल. पुष्कळदा ती बाईच असते. तिला बाईमाणसाचा म्हणून कमी दर लावू नये, कारण ओतणाऱ्यांनी जे ओतलं त्याचं काँक्रीट ती करत असते. आणि घरातलंच कुणी हे करणार असेल, तर बांधकामाच्या वहीत वाळू-खडीच्या खाली त्यांच्या नावाने तेवढीच रक्कम लिहून ठेवावी.