कोणत्या नळीतलं पाणी?

पेशंटला कुशीवर घेतात, गुडघे पोटाशी. कंबरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमधून सुई आत जाते आणि ‘पाठीतलं पाणी’ थेंबाथेंबानं नळीत उतरतं. पहिली नळी, दुसरी, तिसरी. दिसायला सगळ्या सारख्याच नितळ. आतला ऐवज मात्र सारखा नसतो.

डोपामिन आणि सेरोटोनिन वापरून झाल्यावर जी आम्लं उरतात, ती शेवटच्या नळीत जास्त सापडतात. आधी कंबरेजवळचं पाणी येतं, मग वरचं, मेंदूकडचं. ही आम्लं मुख्यतः मेंदूत तयार होतात आणि खाली येईतो त्यांतली बरीच रक्तात उचलली जातात. प्रथिनांचं उलटं: ती रक्तातून वाटेत झिरपत येतात, म्हणून तळाशी जास्त. मोठ्या माणसाच्या कंबरेतल्या पाण्यात डेसिलिटरला १५ ते ४५ मिलिग्रॅम प्रथिनं असली तर कोणी काळजी करत नाही. पण ४० हा आकडा मेंदूच्या पोकळीतल्या पाण्यात आला, तर डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडते.

इथे नदीची उपमा चटकन सुचते, आणि फसते. हे पाणी सरळ वाहत नाही. हृदयाच्या ठोक्यागणिक, श्वासागणिक ते मागेपुढे हेलकावत असतं. एका वेळी असतं जेमतेम दीडशे मिलिलिटर, दिवसाला तयार होतं सुमारे अर्धा लिटर. म्हणजे कालचं पाणी आज नसतंच.

१९७६ साली स्वीडनमध्ये मारी ऑसबर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की नैराश्याच्या ज्या रुग्णांत सेरोटोनिनचं हे आम्ल कमी होतं, त्यांच्यात आत्महत्येचे प्रयत्न जास्त होते. या निष्कर्षाची बरीच चर्चा झाली. पण उंच माणसाच्या पाठीतल्या पाण्यात हे आम्ल मुळातच कमी भरतं. मेंदूपासून सुईपर्यंतचं अंतर जास्त ना! मनाचं दुःख मोजायला निघालेल्याला आधी पेशंटची उंची मोजावी लागते. वय, पाणी काढल्याची वेळ, कितवा मिलिलिटर, हेही टिपावं लागतं.

यावर संशोधकांचा तोडगा साधा आहे: ठरावीक पाणी काढायचं, सगळं एकत्र हलवायचं आणि मगच मोजायचं. तुलनेला तो सोयीचा, हे मान्य. मला मात्र तो जरा महाग वाटतो. नळ्या वेगळ्या ठेवल्या, तर पाणी वाटेत कुठे काय टाकून आलं आणि काय उचलून आलं, ते कळतं. हलवलेल्या बाटलीत उरते ती फक्त सरासरी, आणि तेवढी सरासरी शरीरात कुठल्याच एका जागी नसते.