पाठिंबा एकाचा, जागा दुसऱ्याची

२६ फेब्रुवारी २०१६ रोजी टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ शहरात न्यू जर्सीचे गव्हर्नर क्रिस ख्रिस्ती यांनी डोनाल्ड ट्रम्प यांना जाहीर पाठिंबा दिला. रिपब्लिकन पक्षातली बहुतेक बडी मंडळी तेव्हा ट्रम्प यांच्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हती. त्यामुळे या पाठिंब्याला मोल होतं आणि त्याची किंमतही ख्रिस्तींना लगेच मोजावी लागली. १ मार्चच्या रात्री ट्रम्प बोलत असताना मागे उभ्या असलेल्या ख्रिस्तींचा ओढलेला चेहरा सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिला आणि समाजमाध्यमांवर त्यांची यथेच्छ टिंगल झाली.

दोन महिन्यांनी इंडियानाचे गव्हर्नर माइक पेन्स यांनी एका रेडिओ कार्यक्रमात सांगितलं, की आपलं मत टेड क्रूझ यांना. हे सांगण्याआधी त्यांनी ट्रम्प यांचंही कौतुक करून घेतलं; मत एकाला, नमस्कार दुसऱ्याला. ३ मे रोजी क्रूझ इंडियानात हरले आणि त्याच रात्री शर्यतीतून बाहेर पडले. १५ जुलैला ट्रम्प यांनी उपाध्यक्षपदासाठी आपला जोडीदार जाहीर केला. तो माइक पेन्स!

ख्रिस्ती अखेरच्या यादीपर्यंत पोचले होते. आपल्याकडे वर्षानुवर्षं सतरंज्या उचललेल्या कार्यकर्त्याला यात नवल वाटणार नाही. ख्रिस्ती मागे पडण्याची घरगुती कारणंही सांगितली गेली. सरकारी वकील असताना त्यांनी ज्यांच्यावर खटला भरून त्यांना तुरुंगात धाडलं, ते चार्ल्स कुशनर पुढे ट्रम्प यांचे व्याही झाले. पण खरं गणित वेगळं होतं. ख्रिस्तींकडे द्यायला जे होतं, ते फेब्रुवारीतच देऊन झालं होतं. पेन्स यांच्यामागचा धर्मनिष्ठ वर्ग मात्र तीन लग्नं झालेल्या, जुगारघरं चालवलेल्या उमेदवाराकडे अजून साशंकपणे पाहत होता. पेन्स स्वतःची ओळख आधी ख्रिश्चन, मग परंपरावादी आणि मग रिपब्लिकन अशी करून देत. शिवाय अमेरिकी प्रतिनिधीगृहात त्यांनी बारा वर्षं काढलेली.

म्हणजे पाठिंबा आणि जोडीदाराची निवड यांचं नातं आहे, पण ते बक्षिसाचं नाही. जो आपल्या अंगणात आधीच येऊन बसला आहे, त्याच्यासाठी एवढी मोठी जागा खर्च करणं उमेदवाराला परवडत नाही.

पाठिंब्याची दुसरी बाजू याहून जबर असते: नकार. १९४४ साली फ्रँकलिन रूझवेल्ट चौथ्यांदा उभे राहिले. त्यांची प्रकृती ढासळली होती, त्यामुळे उपाध्यक्ष निवडणं म्हणजे पुढचा अध्यक्ष निवडणं, हे जवळच्यांना कळत होतं. मिसुरीचे सिनेटर हॅरी ट्रूमन शिकागोच्या अधिवेशनाला आले ते जेम्स बर्न्स यांचं नाव सुचवण्याचा शब्द देऊन. कामगार पुढारी सिडनी हिलमन यांच्याशी त्यांची न्याहारीच्या वेळी भेट झाली. कामगारांची पहिली पसंती तेव्हाचे उपाध्यक्ष हेन्री वॉलेस; बर्न्स तर नकोतच; वॉलेस जमले नाहीत, तर ट्रूमन चालतील, हा त्या भेटीचा सारांश. बर्न्स साउथ कॅरोलायनाचे, वर्णभेदाचे पाठीराखे, कामगार संघटनांना न रुचणारे आणि वर कॅथलिक पंथ सोडलेले. एकेका गटाने हात वर केला आणि त्यांचं नाव मागे पडलं. ट्रूमन कोणाचेच लाडके नव्हते, पण कोणाच्या डोळ्यांत खुपतही नव्हते. पहिल्या फेरीत वॉलेस पुढे होते. दुसऱ्या फेरीत ट्रूमन जिंकले. शपथविधीनंतर ८२ दिवसांनी रूझवेल्ट गेले. हिरोशिमावर बाँब पडला तेव्हा अध्यक्ष ट्रूमन होते.

२००८ मध्ये जॉन मॅकेन यांच्या वाटेत हाच नकार आडवा आला. डेमोक्रॅट मुशीतले सिनेटर जो लीबरमन यांनी पक्षाची भिंत ओलांडून डिसेंबर २००७ मध्ये मॅकेन यांना पाठिंबा दिला होता. तेव्हा मॅकेन यांची उमेदवारी डळमळीत होती. मॅकेन यांना जोडीदार म्हणून तेच हवे होते. पण लीबरमन गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे. अधिवेशनातच बंड होईल, असा इशारा सल्लागारांनी दिला. २९ ऑगस्टला नाव जाहीर झालं ते अलास्काच्या सारा पेलिन यांचं. आपण लीबरमन यांनाच घ्यायला हवं होतं, अशी खंत मॅकेन यांनी पुढे आत्मकथनात व्यक्त केली. संकटात धावून आलेल्या माणसाला जागा देण्याची इच्छा असूनही देता येत नाही, याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

२०२० चं उदाहरण जरा गुंतागुंतीचं आहे. साउथ कॅरोलायनाचे कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न यांच्या पाठिंब्याने जो बायडन यांची बुडती नाव सावरली. त्यानंतर २ मार्चला, ऐन मोक्याच्या क्षणी, प्रतिस्पर्धी एमी क्लोबुशार डॅलसमध्ये बायडन यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. कमला हॅरिस आल्या ८ मार्चला, म्हणजे पारडं फिरल्यावर. त्याआधीच्या जूनमध्ये त्यांनी वादसभेत बायडन यांचे वाभाडेही काढले होते. तरी निवड हॅरिस यांची झाली. मधल्या काळात जॉर्ज फ्लॉइड यांची हत्या झाली होती. ती मिनियापोलिसमध्ये घडली, आणि त्याच काउंटीत क्लोबुशार पूर्वी मुख्य सरकारी वकील होत्या. जूनमध्ये त्यांनी उपाध्यक्षपदाच्या स्पर्धेतून स्वतःच माघार घेतली आणि श्वेतेतर महिलेला संधी द्यावी असं सुचवलं. बायडन यांच्यावर ऋण होतं ते एकट्या क्लायबर्न यांचं नव्हे, त्यांच्यामागे उभ्या राहिलेल्या कृष्णवर्णीय मतदारांचं. ते फेडायचं तर लवकर कोण आलं, हा हिशेब गौणच ठरतो.

मग २०२४ मध्ये ट्रम्प यांनी जे. डी. व्हान्स यांना का घेतलं? ओहायोच्या सिनेट निवडणुकीत व्हान्स तरले ते ट्रम्प यांच्याच पाठिंब्यावर, आणि जानेवारी २०२३ मध्येच त्यांनी उलट पाठिंबा जाहीर करून टाकला होता. इथे निष्ठेला फळ मिळालं, कारण आठ वर्षांत पक्षाचा नूर पालटला होता. मनधरणी करावी असा मोठा साशंक गट पक्षात उरलाच नव्हता. २०२४ च्या मार्चमध्ये माइक पेन्स यांनी जाहीर केलं होतं, की आपण ट्रम्प यांना पाठिंबा देणार नाही. ट्रम्प पक्षाचे उमेदवार झाले, आणि नोव्हेंबरात जिंकलेही.