बाराव्या पिनेची तार

अक्कलकोटच्या एसटी स्टँडजवळ एका मामांचं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, गुरुपौर्णिमेचे फलक; मजकूर कधी मराठी, कधी कानडी, पुष्कळदा दोन्ही. मशीन जुनी, त्यांवर लिनक्स. मामांनी १९२०×१०८० चा नवा रुंद मॉनिटर घेतला, पण चित्र १०२४×७६८ च्या पुढे सरकेना. गोल ताणून लंबगोल झाले, अक्षरं पसरट आणि धूसर. एका पत्रिकेत आडनावावरचा अनुस्वार तपासताना निसटला आणि छापलेला सगळा गठ्ठा परत आला.

सोलापूरला इंजिनिअरिंग शिकणारी भाची सुट्टीत आली होती. "मामा, ड्रायव्हरच चुकायलाय. कोड उघडा आहे, मी बघते."

तिने खरोखरच जागा शोधली. २००९ पासून लिनक्समध्ये पडद्याचं रेझोल्युशन बदलण्याचं काम कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, सांभाळू लागला आणि तिथेच ही ओळ आहे: मॉनिटर जोडलेला आहे, पण त्याच्याकडून काहीच कळलं नाही, तर १०२४×७६८ पर्यंतचेच पर्याय द्या. कोड उघडा असण्याचा हा फायदा मला फार मोठा वाटतो. निर्णय कुठे झाला त्यावर बोट ठेवता येतं. भाचीने मात्र ते दोन आकडेच बदलले आणि रात्रभर कर्नल कंपाइल केला.

सकाळी पडदा भरून चित्र आलं. मामा खूश. हा बदल साऱ्या जगाला पाठवायचा, म्हणून ती निवेदन लिहायला बसली.

तोच कर्नल तिने दुसऱ्या टेबलावरच्या मशीनवर घातलं. तिथला पंधरा इंची जुना मॉनिटर काळा पडला आणि त्यावर 'आऊट ऑफ रेंज' एवढंच फिरत राहिलं.

शेजारी टीव्ही दुरुस्त करणारे एक निवृत्त सर होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाळ, तिथं १०२४ का लिहिलं असेल?"

"जुनं असेल, सर. कुणी बदललं नसेल."

"त्या ओळीची अट काय आहे?"

"मॉनिटरकडून काही कळलं नाही तर..." ती थांबली.

"मग का कळलं नाही, ते बघितलंस?"

नव्या मॉनिटरने पाठवलेली माहिती कर्नल एका फाइलमध्ये ठेवतो. तिने ती पाहिली: शून्य बाइट. तिथे निदान १२८ बाइट असायला हवे होते. मॉनिटर कुणी बनवला, त्याला कोणती रेझोल्युशन झेपतात, हे सारं त्यांत असतं. शेवटचा बाइट तर असा निवडलेला असतो की सगळ्यांच्या बेरजेला २५६ ने पूर्ण भाग जावा, म्हणजे वाटेत काही बिघडलं तर लगेच कळतं.

सरांनी मल्टिमीटर आणला. मॉनिटरच्या व्हीजीए वायरीच्या पंधरा पिनांपैकी १, २ आणि ३ वरून लाल, हिरवा, निळा जातो. तिन्ही ठिकाणी बीप वाजली. माहिती येते ती १२ आणि १५ वरून. तिथे सरांनी टोक दोनदा टेकवून पाहिलं, आवाज नाही. स्वस्तातल्या वायरीत त्या दोन तारा घातलेल्याच नव्हत्या. म्हणून चित्र येत होतं आणि ओळख येत नव्हती. दुसऱ्या टेबलावरची वायरही त्याच गठ्ठ्यातली.

ड्रायव्हरला समोर कोण आहे ते ठाऊक नव्हतं, म्हणून बहुतेक कुठल्याही पडद्याला झेपेल एवढंच तो देत होता. माझ्या मते तो त्या दुकानातला सर्वांत शहाणा निर्णय होता.

भाचीने मूळ कर्नल परत घातला आणि चांगल्या वायरी आणल्या. फाइल १२८ बाइटची झाली, नवा मॉनिटर आपोआप १९२०×१०८० वर गेला आणि जुना १०२४×७६८ वर सुखाने चालू लागला. लिहिलेलं निवेदन तिने पुसून टाकलं.

मामा जुन्या वायरी गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवू लागले. "राहू दे की गं, लागतील कधीतरी."

"नको मामा. उद्या कुणी मागून नेली तर तोही ड्रायव्हरलाच शिव्या देईल," असं म्हणून तिने कात्रीने दोन्ही वायरींचे तुकडे केले.