आधी फाईल वाचायला शीक

लाईटरूम घ्यावं, कॅप्चर वन घ्यावं का डार्कटेबल शिकावं, हा प्रश्न तू दिवाळीआधी विचारलास, संक्रांतीला विचारलास आणि आता लग्नसराई तोंडावर आल्यावर पुन्हा घेऊन आलास. एवढ्या काळात तुझ्या लॅपटॉपवर कितीतरी प्रोग्रॅम आले नि गेले, तुझ्या फोटोत मात्र तसूभर फरक पडला नाही. मी ते फोटो बघितलेत, म्हणून आज गोड बोलणार नाही. लेकरा, तुझी अडचण प्रोग्रॅमची नाहीच. रॉ फाईल म्हणजे काय हे तू अजून शिकलेला नाहीस, आणि शिकायचा तो कंटाळा नव्या प्रोग्रॅमच्या शोधाखाली झाकायलास. पेरलेलं उगवायच्या आत रान मोडून दुसरं बी टाकणाऱ्याला आपल्याकडं कुणी शेतकरी म्हणत नाही.

कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर जे दिसतं त्याला तू रॉ समजतोस. ते रॉ नव्हे. कॅमेऱ्यानं स्वतःच्या मनानं तयार करून त्या फाईलच्या पोटात ठेवलेलं ते जेपेग आहे. रॉमध्ये तयार चित्र नसतंच, मोजलेले आकडे असतात. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर एकाच रंगाची गाळणी बसवलेली असते. चार ठिपक्यांच्या चौकटीत दोन हिरव्या, एक तांबडी, एक निळी. ही मांडणी कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बायर यांची, तिचं पेटंट १९७६ सालचं. फुजीचे बरेचसे कॅमेरे सोडले तर आज लग्नाला येणाऱ्या जवळपास प्रत्येक कॅमेऱ्यात तीच आहे. आता हिशोब कर. तुझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा. म्हणजे १ कोटी २० लाख ठिकाणी फक्त हिरवा मोजला गेला, ६० लाख ठिकाणी फक्त तांबडा आणि ६० लाख ठिकाणी फक्त निळा. फोटोत प्रत्येक ठिपक्याला तिन्ही रंग लागतात. मग उरलेले दोन तृतीयांश आकडे आले कुठून? शेजारच्या ठिपक्यांकडं बघून प्रोग्रॅमनं ते अंदाजानं काढले.

प्रोग्रॅमाप्रोग्रॅमातला खरा फरक इथं आहे. हा अंदाज कुठल्या रीतीनं बांधला, आणि त्या कोऱ्या आकड्यांना रंगाचं नि उजेडाचं पहिलं वळण कुणी कसं दिलं. म्हणून तर एकच फाईल दोन ठिकाणी उघडली की पैठणीची जर एकीकडं स्वच्छ येते आणि दुसरीकडं तिच्यावर नसलेली रंगीत नक्षी उमटते. तू आजवर कधी एकच फाईल दोन प्रोग्रॅममध्ये उघडून शंभर टक्के मोठी करून शेजारी शेजारी ठेवलीस का? नाही ठेवलीस. तू व्हिडिओ बघितलेस आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं मानलंस.

तुझा तो हळदीचा फोटो घेऊ. मांडवाला पिवळं कापड, वर पिवळे बल्ब, नवरीची साडी पिवळी आणि गालावर हळद. मांडवात स्क्रीनवर तुला सगळं ठीक दिसलं. घरी येऊन बघितलंस तर गालावरची हळद म्हणजे नुसता सपाट पिवळा डाग. तू म्हणालास, प्रोग्रॅमचे रंग खराब आहेत, दुसरा सांगा. अरे, पिवळ्यात तांबडा आणि हिरवा भरपूर असतो, निळा नावाला. त्यात बल्बच्या उजेडात तांबडा आधीच जास्त. १४ बिटच्या फाईलीत शून्यापासून १६,३८३ पर्यंतच मोजता येतं, त्याच्या वर जागाच नाही. तुझे तांबडे ठिपके त्या टोकाला जाऊन टेकले, आणि हळदीचा जो खरबरीत पोत फोटोत यायला हवा होता तो तिथंच संपला. निळ्या ठिपक्यांपर्यंत उजेड पोचलाच नव्हता, म्हणून व्हाइट बॅलन्स ओढून तू निळा वाढवलास तसा त्याच्याबरोबर नॉइजही वाढला. हा निकाल शटर दाबलंस त्याच क्षणी लागला होता. न मोजलेला आकडा जगातला कुठलाही प्रोग्रॅम परत आणत नाही. हायलाइट सावरणारं बटण शिल्लक रंगांवरून गेलेल्या रंगाचा अंदाज बांधतं, एवढीच त्याची ताकद.

तू हिस्टोग्राम बघितला होतास म्हणतोस. कॅमेऱ्यातला तो आलेखसुद्धा आतल्या जेपेगवरूनच काढलेला असतो. तरी तांबडा, हिरवा, निळा असे तीन वेगळे आलेख दाखवायची सोय तुझ्या कॅमेऱ्यात आहे. ती उघडली असतीस तर तांबडा भिंतीला चिकटलेला तिथल्या तिथं दिसला असता, आणि एक्सपोजर थोडं खाली आणून हळद वाचली असती. पण त्याचा अर्थ अंधारात फोटो काढून ‘रॉ आहे, नंतर वाढवू’ म्हणणं असाही नाही. १६,३८४ पायऱ्यांपैकी निम्म्या एकट्या सगळ्यात उजळ स्टॉपमध्ये असतात, पुढच्यात त्याच्या निम्म्या, असं उतरत जातं. चार स्टॉप कमी उजेडात काढलेल्या फोटोला जेमतेम १,०२४ पायऱ्या उरतात. सप्तपदीचे तुझे फोटो वाढवल्यावर सावल्यांत जी घाण दिसली ती तिथली आहे. त्याचंही खापर तू प्रोग्रॅमवर फोडलंस.

आणि आता मला ज्याचा सगळ्यात जास्त राग आला ते ऐक. कुठून तरी फुकट मिळालेला प्रीसेटचा गठ्ठा तू सरसकट सगळ्या लग्नावर टाकलास. प्रीसेट म्हणजे दुसऱ्या माणसानं, दुसऱ्या कॅमेऱ्यावर, दुसऱ्या उजेडात, दुसऱ्या कातडीसाठी ठरवलेले आकडे. ढगाळ दिवशी समुद्रकाठी काढलेल्या फोटोचे आकडे लातूरच्या मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हावर आणि मंगल कार्यालयातल्या जांभळ्या एलईडीवर बसणार कसे? त्यात तू नारिंगी रंगाचा उजळपणा वर ढकललास, कारण कातडी त्याच रंगात येते, आणि सावळी नवरी राखेसारखी गोरी करून टाकलीस. तिची आई अल्बम चाळताना एका शब्दानं बोलली नाही. त्या न बोलण्याचा अर्थ तुला कळायला हवा होता. ही तांत्रिक चूक म्हणून मी सोडून देणार नाही. ती पोरगी तशी दिसत नाही, आणि ती जशी दिसते त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. गिऱ्हाईक मागतं म्हणतोस. काहीजण मागतात, मला माहीत आहे. तिचा खरा रंग, गालावरची खरी चमक नीट छापून एकदा त्यांच्यापुढं ठेवलीस का? ठेवायची तर आधी तो रंग काढता यायला हवा, आणि तिथंच तुझी गाडी अडते.

अल्बम दिला की रॉ फाईली पुसून टाकतोस, हेही मला कळलंय. हार्ड डिस्क भरते म्हणे. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा सहाव्या निजामाच्या दरबारी लाला दीनदयाळ हे छायाचित्रकार होते. १९०५ साली ते गेले. त्यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत, आणि त्यांच्यावरून आजही नवी प्रत निघू शकते. काच फुटायची, तिला जड पेट्या लागायच्या, आणि तरी ती माणसं सांभाळत होती. तुला तळहाताएवढी डिस्क सांभाळवत नाही. आपल्या जिल्ह्यात तरी हे सांगावं लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात किल्लारी आणि आसपासची गावं कोसळली, तेव्हा भिंतींबरोबर भिंतींवरचे फोटोही ढिगाऱ्यात गेले. ज्यांची निगेटिव्ह दुसरीकडं कुठं तरी शिल्लक असेल त्यांनाच गेलेल्या माणसाचा चेहरा परत मिळण्याची आशा होती. लग्नाची रॉ फाईल ही त्या घराची निगेटिव्ह आहे. दोन डिस्कवर दोन जागी ठेव. नाहीतर लग्नाचं काम घेऊ नको.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. ते मोठं नाही. निवड हे एका संध्याकाळचं काम आहे. तुझ्या कॅमेऱ्याची फाईल उघडते का, तुझं मशीन ते झेपवतं का, आणि ते तू चोरी न करता वापरू शकतोस का, एवढं बघायचं. क्रॅक केलेलं लाईटरूम आजच्या आज काढून टाक. चोरीचा प्रोग्रॅम माहीत असून वापरणं हा आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गुन्हा आहे, आणि तू त्यावर पैसे कमवायलास. तुझ्या फोटोखाली दुसऱ्यानं नाव टाकलं तेव्हा तू महिनाभर तणतणत होतास, मग दुसऱ्यानं राबून केलेल्या कामाला वेगळा न्याय कसा? शिवाय त्या जुन्या आवृत्तीत नव्या कॅमेऱ्याची फाईल उघडत नाही म्हणून तू पंधरा दिवस अडून बसलास. अडोबीनं २००४ साली डीएनजी हा खुला साचा काढला. तुझी फाईल त्यात बदलून देणारा त्यांचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. एवढी माहितीसुद्धा तू शोधली नाहीस, क्रॅक मात्र बरोबर सापडलं.

कॅनन असेल तर डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉन असेल तर एनएक्स स्टुडिओ, दोन्ही त्या कंपन्या फुकट देतात. पहिल्यांदा फाईल तिथं उघड, म्हणजे कॅमेरा बनवणाऱ्याच्या मनात कुठला रंग होता ते तरी कळेल. पुढच्या कामासाठी तुला डार्कटेबल. लाईटरूमचं भाडं आज तुझ्या खिशाला झेपत नाही, आणि भाडं थांबलं की लाईटरूम क्लासिकमध्ये फोटो दिसतात, पण ते डेव्हलप करायचा भाग बंद होतो. डार्कटेबल २००९ पासून चालू आहे. जगभरातली माणसं ते पदरचा वेळ घालून लिहितात आणि वापरणाऱ्याकडून त्याचे पैसे घेत नाहीत. अवघड आहे. असू दे अवघड. रॉथेरपीही चांगलं आहे, हंगेरीच्या गाबोर होर्वाथ यांनी ते सुरू केलं आणि २०१० साली सगळ्यांसाठी खुलं केलं. पण चेहरा वेगळा निवडून तेवढ्यापुरतं काम करायला आणि एका फोटोवरची दुरुस्ती सबंध मांडवाला लावायला मला डार्कटेबल जास्त सरस वाटतं. उद्या कमाई वाढली तर खुशाल लाईटरूम घे. त्यात जाताना एवढं लक्षात ठेव की तुझ्या जुन्या दुरुस्त्या बरोबर येणार नाहीत. प्रत्येक प्रोग्रॅमची भाषा वेगळी, एकाचं लिखाण दुसऱ्याला पुरतं वाचता येत नाही. अ‍ॅपलनं २००५ मध्ये अ‍ॅपर्चर आणलं आणि २०१४ मध्ये बंद करायचं जाहीर केलं, तेव्हा वर्षानुवर्षं त्यात काम केलेल्यांची हीच अडचण झाली. तू तर दर महिन्याला आपल्या हातानं ती ओढवून घ्यायलास.

तू कुठल्या गावात राहतोस याचा तरी विचार कर. महाराष्ट्रभरातून पोरं शिकायला इथं लातुरात खोल्या घेऊन राहतात, एकच प्रश्नपत्रिका सोडवतात, तपासतात, चुकलेलं पुन्हा सोडवतात. लातूर पॅटर्नवर घोकंपट्टीचा आरोप होतो आणि तो सगळाच खोटा आहे असं मी म्हणणार नाही. पण चुकलेल्या गणितावर परत बसायची त्या पोरांची सवय मला मोलाची वाटते. तू चुकलेल्या फोटोवर कधी परत बसलास? तू चुकलेला फोटो सोडलास आणि नवा प्रोग्रॅम उतरवलास.

यापुढं असं चालणार नाही. रविवारी औसा तालुक्यातल्या खरोशाच्या लेण्यांत जा. लेण्याच्या आतून दाराकडं तोंड करून फोटो काढ. बाहेर रणरणतं ऊन, आत काळोख, आणि दोन्ही एकाच फाईलीत बसवताना कुठला आकडा जातो नि कुठला राहतो ते तुझ्या डोळ्यांनी बघ. मग नुसत्या तांबूस जांभ्या दगडाचा फोटो काढ आणि ऑटो व्हाइट बॅलन्सला दे. सगळी चौकट तांबडी दिसली की त्याला वाटतं उजेडच तांबडा आहे, आणि ते दगड निळसर करून ठेवतं. तो दगड पुन्हा दगडाच्या रंगाला आण, अंदाजानं नव्हे, तिथंच काढलेल्या राखाडी कार्डाच्या फोटोवरून. त्याच दिवशी संध्याकाळी लातूरला परत येऊन गंजगोलाईच्या बाजारात उभा राहा. दुकानातला पांढरा एलईडी, गाड्यावरचा पिवळा बल्ब आणि वरचं निळं आभाळ, तिन्ही एका फोटोत घे. एक व्हाइट बॅलन्स तिघांना पुरत नाही, हे तिथं कळेल. चेहरा वेगळा, भिंत वेगळी असं मास्क लावून करायला त्या एका फाईलीवर आठवडा लागला तरी चालेल.

प्रत्येक फाईलवर एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स, टोन कर्व्ह एवढ्यालाच हात लाव. प्रीसेट नाही, कातडी गुळगुळीत करणं नाही. कुठला स्लायडर हलवला, किती हलवला आणि का हलवला हे वहीत पेनानं लिहून काढ. पुढच्या सोमवारी संध्याकाळी मूळ रॉ फाईली आणि वही घेऊन ये. ‘का’च्या रकान्यात ‘चांगलं दिसलं म्हणून’ असं लिहिलेलं दिसलं तर मी लॅपटॉप उघडायलाही लावणार नाही, तसाच घरी पाठवीन.